तारण, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन : सांगली-मिरजेच्या ख्रिस्ती घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात आई मिशनच्या जुन्या मंडळीत वाढलेली, सून कॅथलिक घरातली, आणि धाकटा भाऊ गेली काही वर्षं पेंटेकॉस्टल सभेला जातो. रविवारी सकाळी एकाच दारातून तीन दिशांना माणसं बाहेर पडतात आणि दुपारी एका पंगतीत जेवायला बसतात. मग वाद होतातच. मी मंडळीत सभासदत्वाचा वर्ग घेतो. तिथली पंधरा-सोळा वर्षांची मुलंही हेच प्रश्न घेऊन येतात, कारण त्यांची घरंही अशीच आहेत. त्या प्रश्नांची उत्तरं इथे लिहून ठेवली आहेत. मी प्रोटेस्टंट आहे, म्हणून माझा कल कुठे आहे ते लपवणार नाही. पण समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःला पटेल अशा शब्दांत मांडायचा प्रयत्न केला आहे.

‘तारण’ म्हणजे नक्की काय? मोक्ष आणि तारण एकच का?

मराठी माणसाला तारण म्हटलं की आधी पतपेढी आठवते. शेतकरी हळदीची पोती गोदामात ठेवून पावतीवर कर्ज काढतो, तेही तारणच. तिथे तारण आपण ठेवतो. बायबलातल्या तारणात आपल्याकडे ठेवायला काहीच नसतं, ठेवणारा देव असतो. शब्दाचा मूळ अर्थ धरा: बुडणाऱ्याला तारणे. मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. तारण म्हणजे पापातून सुटका आणि देवाशी तुटलेलं नातं पुन्हा जुळणं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. बोट आली. शेजारच्या आजी घर सोडायला तयार नव्हत्या. शेवटी बोटीतल्या पोराने हात पुढे केला आणि आजींनी तो धरला. आता सांगा, आजींना कोणी वाचवलं? बोटीने आणि त्या पोराने. मग आजींनी काहीच केलं नाही का? हात तर धरला. ते हात धरणं ‘कर्म’ म्हणायचं का, ते धरायचं बळ कुठून आलं, आणि बोटीत बसल्यावर आजी पुन्हा पाण्यात उतरू शकतात का? ख्रिस्ती मंडळ्या पाचशे वर्षं ज्यावर भांडत आल्या ते बरंचसं याच तीन प्रश्नांत आहे.

नुसता विश्वास पुरेसा, की सत्कर्मंही हवीत?

पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (३:२८) म्हणतो की माणूस नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून विश्वासाने नीतिमान ठरतो. याकोब आपल्या पत्रात (२:२४) म्हणतो की माणूस केवळ विश्वासाने नव्हे, तर कर्मांनी नीतिमान ठरतो. वर्गात ही दोन वचनं शेजारी शेजारी वाचली की मुलं गोंधळतात, आणि गोंधळायलाच हवं. प्रोटेस्टंट सुधारणेचा आरंभ करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने जर्मन भाषांतर करताना रोमकरांसच्या त्या वचनात ‘केवळ’ हा शब्द घातला, जो मूळ ग्रीकमध्ये नाही. अर्थाच्या दृष्टीने तो लागतोच, असं त्याचं म्हणणं होतं. कॅथलिकांचा आक्षेप असा की ‘केवळ विश्वासाने’ हे शब्द नव्या करारात एकाच जागी येतात, याकोबात, आणि तिथे ते नाकारलेले आहेत.

१५४७ साली कॅथलिक चर्चच्या त्रेंत इथल्या धर्मसभेने ल्यूथरची शिकवण नाकारली, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. त्याच सभेने असंही ठरवलं की तारणाची सुरुवात देवाच्या कृपेने होते आणि ती कृपा कोणी कमावू शकत नाही. हे आमच्या लोकांना सहसा माहीत नसतं, आणि मलाही फार उशिरा कळलं. म्हणून “कॅथलिक लोक कर्मांनी तारण विकत घेतात” हे बोलणं अन्यायाचं आहे. तसंच “प्रोटेस्टंटांना कर्मं नकोतच” हेही. याकोब ज्या विश्वासाला मेलेला म्हणतो तो ल्यूथरलाही मेलेलाच वाटत होता. पौल स्वतः गलतीकरांस (५:६) प्रीतीच्या द्वारे कार्य करणाऱ्या विश्वासाबद्दल लिहितो.

३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग इथे कॅथलिक चर्च आणि लूथरन महासंघाने एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. माणूस कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरील विश्वासाने, स्वतःच्या कुठल्याही पुण्याईशिवाय देवाला मान्य होतो, आणि मग पवित्र आत्मा त्याला सत्कर्मांसाठी तयार करतो, हे त्याचं सार. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये प्रेस्बिटेरियन परंपरेचा जागतिक महासंघही त्यात सामील झाला. सांगली-मिरजेतलं मिशन प्रेस्बिटेरियन होतं, म्हणजे ही घोषणा आपल्याही घरची आहे. सगळे मतभेद मिटले असं नाही. पुण्य साठतं का, मृत्यूनंतर शुद्धीकरण असतं का, विश्वासणारा माणूस आतून खरोखर नीतिमान होतो की आधी नुसता तसा गणला जातो, हे वाद अजून उभे आहेत.

बाप्तिस्मा झाला नाही तर तारण नाही का? माझे आजोबा ख्रिस्तावर विश्वास ठेवून गेले, पण बाप्तिस्मा राहून गेला.

हा प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक वेळा रडत असतो. म्हणून आधी वधस्तंभाशेजारचा तो अपराधी. लूकच्या शुभवर्तमानात (२३:४३) येशू त्याला त्याच दिवशीचं सुखलोकाचं वचन देतो. त्याला बाप्तिस्मा घ्यायला वेळ नव्हता आणि सत्कर्म करायला हातही मोकळे नव्हते.

बाप्तिस्मा आवश्यक मानणारे योहान ३:५ दाखवतात: पाण्यापासून व आत्म्यापासून जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही. मार्क १६:१६ मध्ये विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेणाऱ्याला तारणाचं वचन आहे. पण त्याच वचनाच्या दुसऱ्या अर्ध्या भागात शिक्षा अविश्वासाला सांगितली आहे, बाप्तिस्मा न घेण्याला नाही. प्रेषितांच्या कृत्यांत (१०:४४–४८) कर्नेल्याच्या घरी पवित्र आत्मा आधी उतरतो आणि पाणी मागून येतं. कॅथलिक शिकवणही इथे लोक समजतात तितकी कठोर नाही. बाप्तिस्म्याची मनापासून इच्छा असताना मृत्यू आला तर ती इच्छाच बाप्तिस्म्याच्या जागी धरली जाते.

आपल्या बाजूला याची फार मोठी साक्ष आहे, आणि ती साताऱ्यात आहे. नारायण वामन टिळकांच्या हाती नवा करार आला तो रेल्वेच्या डब्यात, एका गोऱ्या सहप्रवाशाकडून. विश्वास मनात रुजला, पण बाप्तिस्मा पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्यापायी नातलग तुटले, पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षं ताटातूट झाली. म्हणजे बाप्तिस्म्याची किंमत या माणसाने मोजलेली होती. त्याच टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला येऊन राहिले आणि ‘देवाचा दरबार’ उभा केला. या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र बसावेत अशी त्यांची कल्पना होती. जात, घर, मालमत्ता यांच्या भीतीने जे लोक पाण्यापर्यंत पोचू शकत नव्हते, त्यांना ख्रिस्ताच्या दारातून परत पाठवायचं नाही, हा त्यामागचा कळवळा. मे १९१९ मध्ये टिळक गेले, दरबार त्यांच्यामागे फार वाढला नाही. बाप्तिस्मा ऐच्छिक ठरला तर मंडळी मंडळीच राहणार नाही, असा प्रश्न त्यावर करता येतो, आणि तो प्रश्न हलका नाही. येशूने बाप्तिस्म्याची आज्ञाच दिली आहे (मत्तय २८:१९). ज्याला शक्य आहे त्याने तो टाळू नये, असंच मी वर्गात सांगतो. पण ज्याचा राहून गेला त्याच्या तारणाचा निकाल लावायला मी बसलेलो नाही. तुमच्या आजोबांनी हात धरला होता. बोट देवाची आहे.

माझा बाप्तिस्मा लहानपणी शिंपडून झाला. आता एक ब्रदर म्हणतात की तो बाप्तिस्माच नव्हे, नदीत पुन्हा घ्या. घ्यावा का?

आमच्या घरात यावरून सहा महिने अबोला होता. भावाने पुन्हा बाप्तिस्मा घेतला तेव्हा आईला वाटलं, आपण पोराला कडेवर घेऊन जे केलं ते त्याने पुसून टाकलं.

ब्रदरांचं म्हणणं असं: बायबलात आधी विश्वास, मग बाप्तिस्मा. हबशी अधिकाऱ्याने ऐकलं, मानलं, आणि मग पाण्यात उतरला (प्रेषितांची कृत्ये ८). तान्ह्या बाळाचा विश्वास कुठला? हे म्हणणं पोकळ नाही, आणि त्यासाठी लोकांनी जीव दिला आहे. जानेवारी १५२५ मध्ये झुरिक शहरात काही जणांनी मोठेपणी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यातल्या फेलिक्स मांझला जानेवारी १५२७ मध्ये शहराच्या प्रोटेस्टंट सरकारने नदीत बुडवून मारलं. बाप्तिस्म्यावरून बुडवून मारणारे ते आपल्याच परंपरेतले होते, हे शरमेनं सांगायला हवं.

लहान मुलांना बाप्तिस्मा देणाऱ्यांचं म्हणणं असं: फिलिप्पैच्या बंदिशाळेच्या अधिकाऱ्याचा सगळ्या घरासह बाप्तिस्मा झाला (प्रेषितांची कृत्ये १६:३३). करार देव आधी करतो, माणूस मागून होकार देतो. बारसं झालं तेव्हा बाळाला नाव कळत नव्हतं, म्हणून ते नाव त्याचं नव्हे असं कोणी म्हणत नाही. मोठेपणी दृढीकरणात ते मूल स्वतःच्या तोंडाने होकार देतं. मला हेच पटतं. बाप्तिस्मा ही माझ्या विश्वासाची पावती असती, तर विश्वास डळमळला की दर वेळी नवी पावती फाडावी लागली असती. ती देवाच्या वचनाची खूण आहे, म्हणून एकदाच पुरते.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. पुढे स्वतःची साक्ष लिहिताना त्या म्हणतात की बाप्तिस्म्यानंतरही काही वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, खुद्द ख्रिस्त भेटायचा राहिला होता. अशी जाग तुम्हालाही आली असेल तर देवाचे आभार माना, मंडळीत उभं राहून साक्ष द्या. पहिला बाप्तिस्मा खोटा ठरवायची त्यासाठी गरज नाही.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात लहान मुलांना बाप्तिस्मा देणारे अँग्लिकन होते तसे मोठेपणीच देणारे बाप्तिस्टही होते. दोन्ही रीती मान्य ठेवायच्या, मूल असताना घ्या किंवा मोठेपणी घ्या, असं तिथे ठरलं. कित्येक शतकं एकमेकांना चुकीचं ठरवणाऱ्यांनी एका छताखाली राहायचं कबूल केलं. ही गोष्ट मला फार मोठी वाटते. भावाला मी आता इतकंच सांगतो: तू घेतलास, ठीक, पण आईला “तुझा झाला नाही” म्हणू नकोस.

शिंपडणं, ओतणं की बुडवणं?

अगदी सुरुवातीच्या काळातल्या ‘डिडाखे’ नावाच्या लेखात वाहत्या पाण्याला पहिली पसंती आहे, ते नसेल तर दुसरं पाणी, आणि तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं असं आहे. पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने आणि पाण्याने झाला असेल तर बहुतेक मंडळ्या तो खरा धरतात. काही स्वतंत्र मंडळ्या फक्त ‘येशूच्या नावाने’ देतात. त्यांचा बाप्तिस्मा कॅथलिक आणि जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्या सहसा धरत नाहीत, कारण तिथे त्रैक्याचाच, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव या शिकवणीचाच, प्रश्न येतो.

बाळ दगावेल अशा वेळी दवाखान्यातल्या नर्सने बाप्तिस्मा दिला तर चालतो का?

मिरजेत १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू झालं. ते उभारणाऱ्या डॉक्टर वॉनलेस यांच्या काळापासून आपल्या किती घरांतल्या मुली तिथे नर्सिंग शिकल्या, तेव्हा हा प्रश्न इथे पुस्तकी नाही. कॅथलिक नियमाप्रमाणे जीव धोक्यात असेल तर कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, स्वतःचा बाप्तिस्मा न झालेला माणूससुद्धा. पाणी हवं, ते शब्द हवेत, आणि चर्चला जे अभिप्रेत आहे तेच करायचा हेतू हवा. प्रेस्बिटेरियन रीतीत बाप्तिस्मा पाळकानेच द्यायचा, कारण घाई करावी इतकं तारण त्या पाण्यात अडकलेलं आहे असं ती परंपरा मानत नाही. नर्सने दिला आणि बाळ वाचलं, तर पुन्हा देऊ नका. बाळ बाप्तिस्म्याविना गेलं, तरी त्या आईला भीती घालू नका. २००७ साली कॅथलिक चर्चच्या आंतरराष्ट्रीय ईश्वरविज्ञान आयोगानेही अशा बाळांच्या तारणाची आशा धरायला सबळ कारणं आहेत असं म्हटलं. ज्याने बाळांना जवळ बोलावलं तो त्यांना दारात अडवणार नाही, असा माझा विश्वास आहे.

संस्कार दोन की सात?

कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स सात मानतात: बाप्तिस्मा, दृढीकरण, ख्रिस्तशरीर, प्रायश्चित्त, आजाऱ्याला तैलाभ्यंग, गुरुदीक्षा आणि विवाह. प्रोटेस्टंट दोनच धरतात, कारण ख्रिस्ताने स्वतः आज्ञा देऊन खूण नेमली ती दोनांचीच, असं त्यांचं म्हणणं. मुक्तिफौज (साल्वेशन आर्मी) एकही पाळत नाही. तिने १८८३ पासून हे विधी थांबवले. अहिल्यानगरच्या तिच्या बूथ हॉस्पिटलात ज्यांची सेवा झाली आहे, त्यांनी या बिनबाप्तिस्म्याच्या ख्रिस्ती लोकांना तारण नाही असं म्हणून दाखवावं. मला तर जीभ उचलत नाही.

प्रभुभोजनातली भाकर खरंच शरीर होते का? आणि द्राक्षारसाऐवजी बेदाण्याचं पाणी चालतं का?

“हे माझे शरीर आहे.” या वाक्यातल्या ‘आहे’ वर मंडळ्या फुटल्या. कॅथलिक शिकवण अशी की दिसायला भाकर भाकरच राहते, पण तिचं सत्त्व ख्रिस्ताचं शरीर होतं. ल्यूथर म्हणाला, भाकरही राहते आणि ख्रिस्ताचं शरीरही खरोखर तिथे असतं. झुरिकचा सुधारक झ्विंग्ली म्हणाला, ‘आहे’ म्हणजे ‘दर्शवतं’. १५२९ साली मार्बुर्ग इथे दोघे समोरासमोर बसले. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झालं आणि पंधराव्यावर, याच भाकरीवर, फिसकटलं. प्रेस्बिटेरियन परंपरा ज्याला मानते त्या कॅल्विनने तिसरी वाट काढली: भाकर भाकरच, पण विश्वासाने घेणाऱ्याला पवित्र आत्मा खरोखर ख्रिस्ताशी जोडतो. आमच्या मंडळीची मूळ शिकवण ही आहे, जरी अर्धे सभासद झ्विंग्लीसारखं “नुसती आठवण” म्हणतात. मला ते ‘नुसती’ खटकतं. गेलेल्या बापाच्या आठवणीत जेवण घालणं वेगळं, आणि जिवंत बापाने पंगतीत बसवून वाढणं वेगळं.

बेदाण्याचं म्हणाल तर तासगावच्या बेदाण्यांनी आमच्या मंडळीचा प्याला कित्येक वर्षं भरला आहे. आदल्या रात्री भिजवायचे, सकाळी कुस्करून गाळून घ्यायचे. आईचे हात त्या दिवशी चिकट असायचे आणि आम्हाला उरलेला चोथासुद्धा चाखू द्यायची नाही. कॅथलिक चर्चला मात्र द्राक्षांची खरी वाइन लागते. बिनदारूचा द्राक्षरस प्रोटेस्टंटांत रुळला तो १८६९ नंतर, अमेरिकेतल्या वेल्च नावाच्या मेथडिस्टाने रस न आंबता टिकवायची रीत काढल्यापासून.

कॅथलिक मिस्सेत प्रोटेस्टंटांनी कम्युनियनच्या रांगेत उभं राहू नये. तो तुमचा अपमान नाही. एकत्र खाण्याआधी एक विश्वास हवा, असं ते मानतात. आमच्या मंडळीत बाप्तिस्मा झालेल्या कुठल्याही ख्रिस्ती माणसाला मेज खुलं आहे, पण कॅथलिकांना त्यांच्या चर्चची परवानगी नसते, तेव्हा आग्रह करू नका. सून आमच्याकडे येते तेव्हा ट्रे पुढे जाताना ती नुसते हात जोडते. दर वेळी वाईट वाटतं.

ज्या पाळकाने बाप्तिस्मा दिला तो पुढे वाईट निघाला. आता माझा बाप्तिस्मा?

तुमचा बाप्तिस्मा शाबूत आहे. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत यावरूनच मोठी फूट पडली होती. तिथला बिशप ऑगस्टीन याने उत्तर दिलं ते आजही सगळे मानतात: देणारा ख्रिस्त आहे, पाळक फक्त हात.

अन्य भाषा बोलता येत नाही म्हणजे माझं तारण झालं नाही, असं सांगतात. खरं का?

नाही. अन्य भाषांना, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलण्याला, सर्वांत जास्त महत्त्व देणाऱ्या असेंब्लीज ऑफ गॉडसारख्या पेंटेकॉस्टल मंडळ्यासुद्धा त्यांना पवित्र आत्म्याच्या बाप्तिस्म्याची खूण म्हणतात, तारणाची नाही. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मोठं संजीवन (आध्यात्मिक जागृती) झालं, लॉस एंजेलिसच्या गाजलेल्या सभांच्या एक वर्ष आधी. म्हणजे हा वारसा मराठी मातीतलाही आहे आणि मी त्याला नावं ठेवणार नाही. पण पौलच विचारतो, सगळेच भाषा बोलतात काय? (१ करिंथकरांस १२:३०)

एकदा झालेलं तारण जाऊ शकतं का?

कॅल्विनच्या वाटेने जाणारे योहान १०:२८ दाखवतात: माझ्या हातून त्यांना कोणी हिसकावून घेणार नाही. १६१८-१९ च्या डॉर्टच्या सभेने तेच ठाम केलं. कॅल्विनच्या शिकवणीला विरोध करणाऱ्या आर्मिनियसचे शिष्य, पुढे मेथडिस्टांचा वेस्ली, आणि कॅथलिक इब्री ६:४–६ दाखवतात, जिथे चव घेऊन मागे फिरलेल्यांचा इशारा आहे. आपल्याकडे वैष्णवांतही, देव भक्ताला कसा तारतो यावर, दोन पिल्लांच्या दाखल्याने असाच वाद झाला. मांजरीचं पिल्लू काही करत नाही, आईच उचलते. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून ठेवतं. मी मांजरीच्या बाजूचा आहे. पण इब्रीतलं ते वचन वाचताना दर वेळी थांबतो, आणि थांबायलाच हवं असं मला वाटतं.

कॅथलिक मुलाशी लग्न ठरलंय. मला पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागेल का? मुलांचं काय?

बाप्तिस्मा पुन्हा नाही. तुमच्या मंडळीचा दाखला घेऊन जा, कॅथलिक चर्च तो मानतं. अशा लग्नाला त्यांच्या बिशपांकडून परवानगी लागते. कॅथलिक जोडीदाराला वचन द्यावं लागतं की मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्चमध्ये व्हावा म्हणून आपण होता होईल तितका प्रयत्न करू. या वचनाची माहिती तुम्हाला आधी दिली जाते, तुम्हाला स्वतःला ते द्यावं लागत नाही. हे साखरपुड्याआधी दोन्ही घरांत बोला. पत्रिका छापल्यावर हा विषय निघाला की सनई-चौघड्यापेक्षा भांडणाचा आवाज मोठा होतो, हे मी दोनदा पाहिलं आहे.

आजी अंथरुणाला खिळली आहे. ती कॅथलिक, आम्ही प्रोटेस्टंट. आमच्या पाळकांना बोलवू की फादरांना?

फादरांना बोलवा. तिला पापनिवेदन करायचं असेल, तैलाभ्यंग हवा असेल, आणि ते तिच्या विश्वासाप्रमाणेच व्हायला हवं. फादर येतील तेव्हा खोलीतला टीव्ही बंद करा, तिच्या उशाशी स्वच्छ कपडा अंथरा, पाण्याचा पेला ठेवा. पापनिवेदनाच्या वेळी सगळ्यांनी बाहेर या. नंतर आत जा आणि ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ तिच्याबरोबर मोठ्याने म्हणा. ती प्रार्थना तिलाही पाठ आहे.